उचललेला बेलभंडार

गाडी विकली त्या आठवड्यात परंदवडीत जो भेटेल तो मला एकच शब्द म्हणत होता, "सुटला." कुणी खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, कुणी चहा पाजून. घरातलं वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेलं माणूस एकदाचं गेलं, असा सगळ्यांचा सूर. मी नुसती मान हलवायचो. मनात यायचं, एकेकाला बखोटीला धरून विचारावं, बाबांनो, मी नेमका कशातून सुटलो? जमीन गेली तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात.

जमिनीपासूनच सांगतो, कारण आमची गाडी जमिनीतूनच उगवली. सोमाटण्याच्या अंगाला, ओढ्याकाठी वडिलांची भातखाचरं होती. मला नुकतं मिसरूड फुटलं होतं तेव्हा तिथे कारखाना येणार असं ठरलं. कारखान्याचा एक साहेब गावात आला, भैरवनाथाच्या देवळाच्या पायरीवर म्हाताऱ्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "जमीन तुमची गेली, तर माल पण तुमच्याच गाड्यांनी जाईल. माझा शब्द आहे." कुणा शहाण्याने हे लिहून घेऊ या असं सुचवलं. वडिलांनी त्यालाच झापलं. "देवळात बसून बोललाय मानूस. कागद मागून त्याचा अपमान करतो का?" तो साहेब पुढे बदलून गेला. देऊळ तेवढं जागेवर राहिलं.

मोबदल्याच्या पैशांतून कुणी बंगले बांधले, कुणी लग्नांचे बार उडवले आणि पुन्हा होते तिथे आले. आम्ही काही घरांनी गाड्या घेतल्या. माझी दहाचाकी दारात आली त्या दिवशी आईने तिला ओवाळलं आणि पोळ्याला बैलाला चारतात तशी पुरणपोळी तिच्या पुढ्यात ठेवली. वडील हसले नाहीत. त्यांच्या लेखी तो बैलच होता, डिझेल पिणारा.

कारखान्याच्या फाटकासमोर एक चिंच होती. तिच्याखाली आमचा अड्डा. तिथे एक फळी ठोकलेली आणि फळीवर खिळ्यांना अडकवलेले पत्र्याचे तुकडे. जमीन गेलेल्या आणि गाडी घेतलेल्या प्रत्येक घराचा एक पत्रा, त्यावर घराचा नंबर रंगवलेला. पहिल्या खिळ्यावर ज्याचा पत्रा, त्याची गाडी भरायला आत जायची. माल पोचवून आला की पत्रा शेवटच्या खिळ्यावर. गाडी जुनी असो की नवी, माणूस दुबळा असो की पैलवान, दुसऱ्याचा नंबर कुणी तोडायचा नाही. बाप गेला की पत्रा पोराच्या नावावर येई, सातबारा येतो तसा. जमीन गेल्यावर आमचा सातबारा तोच होता.

आम्ही काही संत नव्हतो, हेही सांगून टाकतो. बाहेरची गाडी चुकून फाटकापाशी आली तर तिच्या चाकातली हवा आपोआप जायची. परमुलखातला ड्रायव्हर बिचारा हात जोडायचा. आम्ही त्याला चहा पाजायचो, हवा भरून द्यायचो आणि रिकामा परत पाठवायचो. भाव आम्ही ठरवू तो. कारखान्याने एकदा भाव पाडून पाहिला, तेव्हा आम्ही गाड्या चिंचेखाली लावल्या आणि पत्ते कुटत बसलो. आत माल साठत गेला. शेवटी मोठा साहेब स्वतः फाटकाबाहेर आला आणि आमच्यात बसून चहा प्यायला. तो चहा आम्हाला पुढे फार महाग पडला. आमची चाकं थांबली की कारखाना थांबतो, अशी सगळ्यांची खात्रीच झाली त्या दिवशी.

आमचा म्होरक्या होता माझा शेजारी. शेजारी म्हणजे शेताचा. त्याच्या आणि आमच्या खाचरांमध्ये एकच बांध होता आणि त्या बांधावरून त्याच्या बापाचं आणि माझ्या बापाचं जन्मभर वाजलं. जमीन गेली, बुलडोझरने बांध सपाट केला, त्याबरोबर भांडणही गेलं. तो माझ्याहून थोडा मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. गाड्या आम्ही जोडीने घेतल्या, दसऱ्याला झेंडूच्या माळा जोडीने घातल्या. खंडाळ्याचा घाट उतरायला मला त्यानेच शिकवलं. पहिल्या खेपेला माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "ब्रेकवर भरवसा ठेवू नगं, गेअरवर ठेव. ज्या गेअरात चढशील त्याच गेअरात उतर." माझे वडील वारले तेव्हा माझी गाडी तेराव्यापर्यंत हलली नाही. पत्रा नेमका पहिल्या खिळ्यावर आलेला. कुणीतरी तो मागे टाकायला गेलं, तर दादाने त्याचा हात धरला. "त्याच्या घरात मानूस गेलंय. नंबर हितंच ऱ्हाईल." बाकीच्यांनी माझा पत्रा तिथेच ठेवून आपापल्या गाड्या भरल्या आणि तेरावं झाल्यावर मी सरळ आत गेलो. हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

ती वर्षं बरी होती. माल भरायचा, ताडपत्री ओढून दोऱ्या आवळायच्या, देवळापाशी एक लांब हॉर्न द्यायचा आणि निघायचं न्हावाशेव्याच्या बंदराकडे. कामशेत, कार्ला, वलवण. लोणावळ्यात शनिवार-रविवारी आम्हाला हमखास बाजूला काढायचे, कारण शहरातली माणसं भजी खायला वर यायची. मी भरलेली गाडी घेऊन तासन् तास कडेला बसायचो आणि पुढून मोटारीतून पाय बाहेर काढून, गाणी लावून पोरं जायची. बायकोचं माहेर कुरवंड्याचं. तिचा भाऊ या पाहुण्यांना खोल्या देतो, मक्याची कणसं विकतो. तो मला म्हणायचा, "दाजी, तुमी सामान वाहता, मी मानसं वाहतो. मानसं बरी पडत्यात, सोताच्या पायानं चढत्यात." तेव्हा मी हसायचो. माझ्या दारात दहाचाकी होती आणि त्याच्या दारात कणसांची शेगडी.

मग कारखान्याचे मालक बदलले आणि नवा साहेब आला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल-नसेल. गोड बोलायचा, आम्हा सगळ्यांना सर म्हणायचा. ज्याला काढून टाकायचं त्याला सर म्हणायची रीत आमच्याकडे तेव्हा नवीन होती. म्हणाला, "सर, यापुढे वाहतुकीचं टेंडर निघेल. कॉम्प्युटरवर भाव भरायचा, ज्याचा कमी त्याला काम. तुम्हीही भरा, कुणाला बंदी नाही." गाडी कुठे थांबली, किती वेळ थांबली, हे त्याला ऑफिसात बसून दिसायला हवं होतं. चिंचेखालच्या फळीचा त्याने फोटो काढला आणि म्हणाला, "फार इंटरेस्टिंग आहे हे." प्रदर्शनातली वस्तू बघावी तसा बघत होता.

त्यावर भैरवनाथाच्या देवळात आमची बैठक बसली. आमच्यातला एक गाडीवाला बौद्ध वस्तीतला होता, मोजकं बोलणारा. तो म्हणाला, "आपन समदे मिळून एक सोसायटी करू अन् आपनच टेंडर भरू. दोन पैसे कमी मिळतील, पर काम आपल्यात ऱ्हाईल." आज मला कळतं, त्या सगळ्या गर्दीत शहाणपणाचं तेवढं एकच वाक्य बोललं गेलं. पण दादा उठला. "आपल्याच घरात शिरायला आपन तिकीट काढायचं का? टेंडर भरलं म्हंजी काम आपलं न्हाई, असं आपनच लिहून दिलं. कुनी भरायचं न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची. चार दिवस गाड्या हलवू नका, बगा साहेब कसा भाईर येतो." माणसं टाळ्या वाजवायला लागली. मीही वाजवल्या, चांगल्या जोरात.

दादाने घरून पितळी ताट आणवलं. त्यात भंडाऱ्याचा ढीग आणि वर बेलाची पानं. देवापुढे बेलभंडार मुठीत उचलून शब्द द्यायचा, ही आमच्याकडची शेवटची पायरी. कोर्टात बेधडक खोटी साक्ष देणारा माणूसही बेलभंडारावर खोटं बोलत नाही, निदान तेव्हा बोलत नसे. एकेक जण पुढे गेला, मूठ भरली आणि म्हणाला, "कंपनीचं टेंडर मी भरनार न्हाई." मी म्हणालो. दादा म्हणाला. तो बौद्ध गाडीवाला देवळाबाहेर अंगणात उभा होता. "मी बेलभंडार मानत न्हाई, उचलनार बी न्हाई. माझं मत येगळं हाय, ते मी सांगितलं. पर तुमी समद्यांनी ठरवलं तर मी मोडनार न्हाई. माझा शब्द घ्या." लोकांत कुजबुज झाली. दादा मोठ्याने म्हणाला, "शब्द तर समदेच देत्यात." तो फडक्याला हात पुसत होता तसाच पुसत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गाड्या उभ्या केल्या. पत्ते निघाले, चहाची किटली निघाली. आठवडा गेला तरी साहेब बाहेर येईना. मग आतल्या एका कामगाराकडून कळलं की माल साठायचा प्रश्नच नव्हता. टेंडर निघण्याआधीच सगळा तयार माल त्यांनी तळेगावाच्या पलीकडे एका गोदामात हलवला होता, आमच्याच गाड्यांनी. खेपा एकाएकी वाढल्या म्हणून आम्ही खूश होतो. पोरांना कपडे घेतले होते. रिकाम्या घराला कुलूप घालून आम्ही राखण बसलो होतो. नंतर बाहेरच्या एका मोठ्या कंपनीचे ट्रेलर आले, पांढरेशुभ्र, ओळीने. आमच्या तीन गाड्यांचा माल एकेकाच्या पाठीवर बसेल एवढे. त्यांच्या चाकातली हवा सोडायचं कुणाला सुचलंसुद्धा नाही. आम्ही त्यांची चाकं मोजत बसलो.

चिंचेखाली गाड्या उभ्याच राहिल्या. टायर बसत चालले, बॅटऱ्या उतरल्या. टायर-इंजिनासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता कुणाला चुकत नाही, तो बेलभंडार मानत नाही. त्या श्रावणात मी उर्से टोलनाक्याजवळ एका ओळखीच्याकडे निघालो होतो, तर समोरून दादाची गाडी आली. भरलेली. स्प्रिंगचे पाटे दबलेले, ताडपत्री नवी, दरवाजावर त्या बाहेरच्या कंपनीचा कागद चिकटवलेला. मी हात वर केला. त्याने समोर बघितलं. जिथे बघायला काहीच नव्हतं तिथे तो इतक्या लक्ष देऊन बघत होता, की मलाच हात खाली घ्यावा लागला.

संध्याकाळी मी त्याच्या ओट्यावर गेलो. त्याच्या बायकोने पाणी दिलं. मी ते प्यायलो नाही.

"दादा, बेलभंडार उचललावता आपन."

"व्हय. कशाचा उचललावता? टेंडर भरनार न्हाई ह्येचा. मी कुटं भरलं टेंडर? भरनाऱ्यानं भरलं, मी त्येच्याकडं गाडी लावली."

"आन् ज्यांनी तुझ्या मागनं उचलला?"

"त्यांना मी अडवलंय का? तू बी लाव. सांगतो मी तितं तुझ्यासाटी."

हे तो लबाडीने बोलत असता तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो. तो मनापासून बोलत होता. रात्रंदिवस विचार करून त्याने देवाच्या आणि आपल्या मधली ती फट शोधली होती आणि त्या फटीतून मलाही आत घ्यायला तयार होता. मला त्याच्या त्या भलेपणाची किळस आली. मी उठून आलो.

एकेक करून बहुतेक सगळे त्या फटीतून गेले. दोघं राहिले. एक मी, दुसरा तो बौद्ध गाडीवाला, ज्याने काही उचललंच नव्हतं. त्याने वर्षभर तग धरला, मग गाडी भंगारात घातली आणि वराळ्याला एका गोदामात वॉचमन म्हणून लागला. परवा भेटला तेव्हा मी त्याला म्हणालो, तेव्हा तुझं ऐकायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "भाऊ, ऐकलं असतं तर काम मिळालं असतं. माझ्यावर भरवसा ठिवला असता, ते मला जास्त बरं वाटलं असतं." मीही त्या दिवशी कुजबुजणाऱ्यांत होतो की नव्हतो, हे मला खरंच आठवत नाही, आणि तो विचारत नाही.

मी उघड्या बाजारात उतरलो. आता भाडं मोबाइलवर मिळतं. स्क्रीनवर माल दिसतो, कुठून कुठे ते दिसतं आणि खाली आपण आपला भाव टाकायचा. आपण टाकला की कुठलातरी न दिसणारा माणूस त्याहून कमी टाकतो. आपण आणखी खाली येतो, तो आणखी. शेवटी डिझेलसुद्धा सुटणार नाही अशा भावाला कुणीतरी माल उचलतो. आधी मला वाटायचं हा कोण मूर्ख? मग एकदा तो मूर्ख मीच झालो, कारण घरी उभ्या गाडीकडे बघवेना. जाताना भरलेली, येताना रिकामी. कळंबोलीला गाड्यांच्या रांगेत परतीच्या मालाची वाट बघत दिवस काढायचे आणि स्टोव्हवर खिचडी शिजवायची. घाटात कॅमेरे बसले. जरा वेग चढला की चलान थेट मोबाइलवर, माणूस समोर नाही, हात जोडायलाही कुणी नाही. दादाने शिकवल्याप्रमाणे मी त्याच गेअरात उतरत राहिलो. एवढं एक त्याचं मी कधी सोडलं नाही.

पोरगा तोपर्यंत हाताशी आला होता. गाडी चांगली चालवायचा, माझ्याहून हलक्या हाताने. इंजिनचा आवाज जरा बदलला की त्याला आधी कळायचं. त्याच्यासाठीच मी गाडी धरून ठेवली होती, हे लपवत नाही. पत्र्याचा नंबर गेला, फळी गेली, रस्ता रुंद करताना चिंचही गेली. पण गाडी त्याच्या हातात माझ्या हातून जावी, विकत कुणाकडून नको आणि नोकरीतून तर नकोच, एवढीच एक इच्छा उरली होती. वडिलांनी खाचरं मला दिली नाहीत, देता आली नाहीत. निदान मी तरी पोराला काहीतरी हातात देऊन जावं.

त्याला मुलगी बघायला आम्ही वराळ्याला गेलो. घर चांगलं होतं, मुलगी समजूतदार दिसली, पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

मी म्हणालो, "आमची सोताची गाडी हाय. दहाचाकी. मालक हाय त्यो."

"सोताची," ते म्हणाले. "म्हंजी पगार न्हाई."

"मालकाला पगार कसा असंल, पावनं?"

"तेच म्हनतो मी. मालक असून उपेग काय? म्हैन्याला ठरावीक काय येतं?" मग त्यांनी सहज, कुणाचं वाईट करायच्या हेतूने नाही, सांगितलं की त्यांचा एक पुतण्या त्या बाहेरच्या कंपनीच्या ट्रेलरवर ड्रायव्हर आहे. पगार बँकेत येतो, पीएफ कापतात, केबिनला एसी आहे. "त्येला पोरी सांगून येत्यात," ते म्हणाले.

म्हणजे दुसऱ्याच्या गाडीवरचा नोकर वर आणि स्वतःच्या गाडीचा धनी खाली. माझ्या आईने पोळी ठेवून ओवाळलेल्या गाडीची किंमत एका पोह्याच्या बशीत ठरली. घरी येताना पोरगा माझ्या शेजारी केबिनमध्ये बसला होता. मी त्या पाहुण्यांना वाटेल ते बोललो, त्यांच्या पुतण्यालाही सोडलं नाही. सोमाटणे फाटा गेला आणि तो म्हणाला, "आबा, मी काकांकडं बोललोय."

काका म्हणजे दादा. दादा आता साधा गाडीवाला राहिला नव्हता. त्या कंपनीसाठी तो गाड्या पुरवायचा, त्याच्या दारात पांढऱ्या गाड्यांची रांग असायची. पोराला तो पगारावर घेणार होता. एवढंच नाही, माझी गाडीही विकत घेणार होता. कारखान्यातून गोदामापर्यंत, जवळच्या जवळ फिरवायला त्याला जुनी गाडी हवी होती आणि तिच्यावर ड्रायव्हर म्हणून माझाच पोरगा. त्याने मोडीच्या भावाहून चांगला भाव लावला होता. मी गाडीच्या फिटनेसच्या दाखल्यासाठी आरटीओत खेटे घालून थकलोय, हेही त्याला ठाऊक होतं.

मी गाडी कडेला घेतली. "तुला म्हाईत हाय त्यानं काय केलं ते?"

"म्हाईत हाय. लहानपनापासनं तेच ऐकतोय."

"आन् तरी?"

तो समोर बघत होता. आवाज अजिबात चढवला नाही त्याने. "आबा, बेलभंडार तुमी उचललावता. मी न्हाई."

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. आणि त्याच वेळी हेही कळलं की तो खोटं बोलत नाही. मुठीत मी धरलं होतं, किंमत तो भरत होता. त्याच्या वयाची पोरं संसाराला लागली आणि हा माझ्या शब्दाशेजारी बसून भाडं शोधत होता. मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

बायको म्हणाली, "अवो, गाडी दारात सडली तर कुनाचा मान ऱ्हानार हाय?" मी सही केली. तेलही गेलं, तूपही गेलं, पण पोरगा तरी हातचा जाऊ नये म्हणून केली, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

दादाने गाडी रंगवून घेतली. पांढरी. पुढच्या काचेवरचं भैरवनाथाचं नाव, मागच्या फळीवरची आमच्या पोरांची नावं, आईने काढायला लावलेली बैलजोडी, सगळ्यावर पांढरा हात फिरला. एका सकाळी ती देवळासमोर आणून उभी केली. पोरगा इस्त्रीचा निळा शर्ट घालून उभा होता, खिशावर कंपनीचं नाव. शर्ट त्याला शोभत होता, याचाच मला जास्त राग आला. बायकोने पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. चार माणसं जमली. नारळ फुटला. पोरगा पुढे झाला आणि दादाच्या आधी माझ्या पाया पडला, तेवढं त्याने जपलं.

मग दादा ताट घेऊन आला. तेच पितळी ताट. भंडाऱ्याचा ढीग, वर बेलाची पानं. त्याने चाकांना भंडारा लावला, बॉनेटला लावला आणि ताट माझ्यापुढे धरलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते. म्हातारा झालाय तोही.

"घे गड्या," तो म्हणाला. "पोराच्या कपाळाला तुझ्या हातानं लाव. झालं गेलं सोडून दे."

पोरगा कपाळ पुढे करून उभा राहिला. बायको माझ्याकडे बघत होती. एक चिमूट उचलायची, एवढंच. सगळ्या गावाला तेवढंच हवं होतं आणि खरं सांगतो, मलाही हवं होतं. माझ्या पोराची पहिली नोकरी होती ती, शत्रूची का असेना. पण माझा हात वर येईना. उजवा हात मी कधी मिटला होता, माझं मलाच कळलं नव्हतं.

"दादा," मी म्हणालो, "माझी मूठ मोकळी न्हाई. मागचाच बेलभंडार खाली ठेवायचा ऱ्हायलाय."

दादाने ताट तसंच पुढे धरून ठेवलं. पोराने स्वतःच ताटातली चिमूट घेतली, कपाळाला लावली आणि केबिनमध्ये चढला. पहिला गेअर त्याने टाकला तो अगदी अलगद, जरासुद्धा धक्का न देता. लिंबू फुटलं. देवळापाशी त्याने लांब हॉर्न दिला नाही. नवीन मालकांना तो चालत नसेल, किंवा त्याला तो मला ऐकवायचा नसेल.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, माणसं पांगली, बायको माझ्याशी न बोलता घराकडे गेली. मी तिथेच उभा होतो. बऱ्याच वेळाने मी मूठ उघडून पाहिली. आत काही नव्हतं.